उरलेल्या बियाण्याचा भात

माझ्याकडे जीप आहे, हे मी अजूनही ओळख झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. समोरच्याने विचारलेलं नसतं. बावधनला आमच्या सोसायटीत ती दोन गाड्यांची जागा अडवून उभी असते आणि त्यावरून माझी तिघांशी भांडणं झाली आहेत. सोमवार ते शुक्रवार मी बायकोची छोटी गाडी घेऊन हिंजवडीला जातो. जीप शनिवारसाठी. तिचा गिअरशेजारचा दुसरा दांडा ओढला, चारही चाकांना जोर आला, की मला आपण कोणीतरी वेगळे आहोत असं वाटायला लागतं. वय सत्तेचाळीस. हसू येत असेल तर हसा, मीही हसतो.

ऑफिसातला एक मित्र आणि मी, दोघांच्या दोन जीपा. महिन्यातला एक शनिवार ठरलेला. घोटावडे फाट्याला आम्ही आत वळायचो, आणि सरळ कासार आंबोलीकडे जाणाऱ्या, बंगल्यात जाऊन पाय पसरणाऱ्या लोकांची तिथेच चेष्टा करायचो. ते सुट्टीला जातात आणि आम्ही मोहिमेवर, असा आमचा समज होता. भरे गावाजवळचे कारखान्यांचे पत्रे मागे पडले, रिहे खोऱ्यातली भातखाचरं संपली, की एक जुनी बैलगाडीची वाट डोंगराला लागते. तिच्यात आता वाटेपेक्षा धोंडेच जास्त. तासभर आदळत-आपटत वर गेलं की पठार. उन्हाळ्यात ते पठार म्हणजे आमचं वाळवंट होतं. गवत जळून गेलेलं, नुसता कातळ आणि मुरूम, सावली धरायची तर गाडीचीच. मोबाइलला रेंज नाही. आणखी काय हवं होतं?

पठाराच्या काठावर सात-आठ घरांची वस्ती आहे. शेवटच्या घरातल्या दादांनी पत्रे आणि फळ्या ठोकून एक खोली बांधली होती, आमच्यासारख्यांना राहायला. दारावर रंगाने ‘केबिन’ लिहायचं मीच सुचवलं होतं. घरात तिला सगळे खोलीच म्हणत. दोन खाटा, एक खिडकी, बाहेर पाण्याचं पिंप, आणि जेवण त्यांच्या घरी. दादांच्या बायकोला मी पहिल्या दिवशी सवयीने ‘मावशी’ म्हणालो. भाकरी थापता थापता त्यांनी मान वर केली.

“तुमच्या डोक्यावर माज्यापेक्षा जास्ती पांढरं हाय. मावशी कुणाला म्हणताय?”

तेव्हापासून त्या वहिनी झाल्या आणि मी भावजी.

वहिनींच्या घरी रोजचा भात इंद्रायणीचा. सगळ्या वाडीत तोच, कारण तो भरपूर पिकतो. पण घराखालच्या कोपऱ्यातल्या एका लहानशा खाचरात त्या दरवर्षी वेगळं भात लावायच्या. काळ्या कुसळाचं, बारीक दाण्याचं, आंबेमोहराच्या जुन्या जातीचं. लग्न होऊन इथे आल्या तेव्हा वडिलांनी ते बी फडक्यात बांधून दिलं होतं. माहेरची जमीन पुढे विकली गेली. तिथे आता लोखंडी फाटक आहे आणि फाटकावर कुत्र्याचं चित्र. भावांनी शेती सोडली. ते बी उरलं फक्त वहिनींच्या कणगीत, आणि तेही बेताचंच. वानरं आणि डुकरं जे ठेवायची, त्यातून पुढच्या वर्षीचं बी काढलं की खायला जवळपास काही राहायचं नाही. शिजायला लागलं की वाडीच्या त्या टोकापर्यंत वास जातो, असं त्या सांगायच्या. मी जाईन तेव्हा लहान पोरासारखा मागे लागायचो, एकदा तरी तो भात खाऊ घाला म्हणून.

“ते खायाचं न्हाई भावजी, ते बी हाय,” असं म्हणून त्या मला इंद्रायणी वाढायच्या.

दोन वर्षांपूर्वी आम्ही राजस्थानात खऱ्या वाळवंटात जायचं ठरवलं. थंडीत जायचं होतं, पण माझी तयारी मार्चपासून चालू. वाळूत गाडी कशी चालवायची याचे व्हिडिओ बघून बघून मी घरात सगळ्यांना वात आणला होता. टायरमधली हवा किती कमी करायची, ब्रेक का मारायचा नाही, चाक रुतलं तर ॲक्सिलरेटर कधी सोडायचा, सगळं तोंडपाठ. नव्हती ती फक्त वाळू. मुळशीत सगळीकडे एक तर चिखल, नाही तर दगड.

मे संपत आला होता. आम्ही दुपारी वर पोचलो तर घराला कडी. दादा आणि वहिनी खालच्या गावात लग्नाला जाणार होते, संध्याकाळी येऊ असं त्यांनी फोनवर सांगितलेलं होतं. पाणी प्यालो, डबे खाल्ले, आणि रिकामा वेळ कसा घालवायचा म्हणून हिंडायला लागलो. घराच्या खाली, खाचरांच्या अलीकडे, एक काळा चौकोन दिसला. दोन खोल्यांएवढा असेल. मित्र म्हणाला, इथे काहीतरी जळलंय. मी पाय टाकून बघितला. बूट मऊ रुतला, आणि मला अगदी खरंच आनंद झाला.

“वाळू!” मी ओरडलो.

इथे मला माझ्या बाजूने काही बोलायचं असेल तर ते एवढंच आहे, आणि ते फार नाही. मी बारा वर्षं या भागात राहतोय. उन्हाळ्यात जमिनीवर शेण आणि पालापाचोळा पसरून भाजतात, त्याला राब म्हणतात, हे मला माहीत होतं. त्या धुराचे मी फोटो काढलेले होते, लोकांनी वाहवा केली होती. भाजलेल्या जागेत भाताची रोपं तयार करतात आणि मग ती खाचरात लावतात, हेही दादांनी एकदा सांगितलं होतं. पण बी पाऊस पडल्यावरच टाकतात असं मी धरून चाललो होतो. मेमधली राख म्हणजे नुसती राख. कोरड्या राखेत आधीच बी पेरून पावसाची वाट बघत बसायचं, अशी धूळपेरणी असते, हे मला ठाऊक नव्हतं. दादा दरवर्षी करत नसत. त्या वर्षी वहिनी थांबा म्हणत असताना त्यांनी हट्टाने केली होती.

मी टायरमधली हवा सोडली आणि तीन वेळा त्या राखेतून आरपार गेलो. मित्र बाहेर उभा राहून व्हिडिओ काढत होता. चौथ्या वेळी मध्येच थांबून पुन्हा निघायचा सराव करायचं ठरवलं, तेव्हा मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि खड्डा पडला. व्हिडिओत दाखवतात तस्सं. मी खुशीत खाली उतरलो, फावडं काढलं आणि चाकासमोरचं उकरायला लागलो. तिसऱ्या-चौथ्या फावड्याला राखेबरोबर भाताचे दाणे वर आले. कुसळं काळी होती.

दोन दाणे मी तळहातावर घेतले. मित्राला दाखवले. तो म्हणाला, “अरे, पाच-पन्नास दाणे इकडचे तिकडे झाले. पाखरं याहून जास्त खातात.” मला त्याचा राग आला आणि त्याच वेळी त्याच्यावर विश्वास ठेवावा असंही फार वाटलं. शेवटी मी विश्वासच ठेवला, तो सोयीचा होता. गाडी बाहेर काढली. फावड्याने खड्डे बुजवले, करंजाची एक फांदी तोडून सगळ्या चौकोनावरून झाडूसारखी फिरवली. टायरची नक्षी गेली. हे सगळं मी फार नीट केलं, मला कामं नीटच करायची सवय आहे. तेव्हा मला एवढंही सुचलं नाही, की खड्डे बुजवताना मी ते बी हातभर खाली गाडत होतो आणि उरलेलं फांदीने कडेला लोटत होतो. मग आम्ही बाटलीतल्या पाण्याने हात धुतले.

दादा-वहिनी ऊन उतरल्यावर आले. लग्न चांगलं झालं होतं, वहिनींनी आमच्यासाठी कागदात बुंदी बांधून आणली होती. आत्ता कुठे सांगायचं, थकून आलेत, उद्या सांगू, असं मी ठरवलं.

सकाळी दादा अंगणात दात घासत उभे होते. खाली बघून म्हणाले, “काल वारं लई व्हतं काय हितं? राख हललेली दिसतीया.”

“हो,” मी म्हणालो. “दुपारी होतं.”

इतक्या सहज आलं ते तोंडातून, की माझं मलाच कळलं नाही. माझ्या नोकरीत मी दिवसभर याहून मोठी खोटी वाक्यं बोलतो, पण ती कुणाच्या अंगणात उभा राहून बोलत नाही.

थोड्या वेळाने वहिनी सूप घेऊन आल्या. सुपात काळ्या कुसळाचं भात होतं, दोन-तीन ओंजळी. त्यांचा चेहरा असा काही खुलला होता, की मला बघवेना.

“घ्या भावजी. कवापासून मागं लागलाय. पेरून उरलंय येवडं. आज तुमाला खायाला घालते.”

“अहो, राहू द्या,” मी म्हणालो. “बी आहे ना ते.”

“उगवून येईस्तवर राखून ठेवायचं असतंय खरं. पर औंदा राब असा भाजलाय, असा भाजलाय, की येक दाणा वाया जायचा न्हाई.”

तेव्हा बोलायला हवं होतं. यापेक्षा सोपी वेळ पुन्हा येणार नव्हती, सूप माझ्यासमोर धरलेलं होतं. मी म्हणालो, “बरं.”

मग त्या अंगणातल्या उखळाशी बसल्या. मी केबिनच्या पायरीवर चहा घेऊन बसलो होतो. मुसळाचा आवाज येत होता, मधूनच थांबून त्या सुपात पाखडून बघायच्या आणि पुन्हा कांडायला लागायच्या. पाऊण तास तरी चाललं असेल. पाऊण तासात माणूस किती वेळा उठू शकतो? मी दोनदा उठलो. एकदा पिंपापर्यंत गेलो आणि एकदा जीपपर्यंत. प्रत्येक घावाला वाटायचं, अजून अर्धं शिल्लक असेल, आता बोललो तरी चालेल. मग आवाज थांबला आणि मला सुटल्यासारखं वाटलं, कारण आता बोलून उपयोग नव्हता. मला स्वतःची सगळ्यात जास्त लाज कशाची वाटत असेल, तर त्या सुटकेची.

दुपारी आम्हा दोघांना पानं वाढली. भात दोघांपुरताच होता. दादा म्हणाले मला भाकरीच लागते, आणि वहिनी म्हणाल्या मी मागनं बसते. मित्राने डोळे मिटून वास घेतला, वा वा केलं, आणखी मागितला. वहिनींनी पातेलं खरवडून त्याला आणि मला वाढलं.

“आता घरात याचा दाणा न्हाई,” त्या हसून म्हणाल्या. “जे हाय ते जमिनीत.”

मी मान खाली घालून जेवत राहिलो. ताट स्वच्छ केलं.

जुलैत मी एकटाच वर गेलो. चिखलात जीप तीनदा अडकली आणि मला बरं वाटलं. राबाच्या चौकोनात मधोमध नुसती तांबडी माती दिसत होती. चाकांनी दाबलेल्या पट्ट्यांतून पाणी धावलं होतं आणि वरची राख घेऊन गेलं होतं. कडेला मूठ-दीड मूठ रोपं आली होती, पिवळट. वहिनींनी ती एकेक करून त्या लहान खाचरात लावली. आठ दिवसांत खेकड्यांनी ती तोडली.

“ह्यांची घाई,” वहिनी मला म्हणाल्या. दादा शेजारीच बसले होते. “मी म्हणत व्हते, पाऊस पडू द्या. पर धूळपेरणी करायचीच व्हती. माज्या बापानं दिलेलं बी, माती केली त्याची.”

 दादांनी बोटाने जमिनीवर रेघ ओढली आणि पुसली. मी तिथेच मूग गिळून बसलो होतो. मला वाटलं, नवरा-बायकोचं आहे, दोन दिवसांत निवळेल. हेही सोयीचंच होतं.

थंडीत आम्ही राजस्थानात गेलो. एका ढाणीबाहेर, म्हणजे तिकडच्या वाडीबाहेर, मातीच्या झोपडीत राहिलो, दिवसभर वाळूच्या टेकड्या चढलो-उतरलो. तिथे भेटलेले जीपवाले म्हणाले, तू छान चालवतोस, आधी सराव केला होतास का? एकदा चाक रुतलं आणि मी फावडं घेऊन खाली बसलो, तर हात पुढे जाईना. मित्राला म्हटलं, तू उकर. मला ऊन लागलंय असं त्याला वाटलं.

त्यानंतर मी वर जाताना भेटवस्तू न्यायला लागलो. गैरसमज नको, हे प्रायश्चित्त नव्हतं, ही लाच होती. सोलरचा दिवा नेला, वहिनींना साडी नेली. एकदा शेतीच्या प्रदर्शनातून आंबेमोहराच्या बियाण्याची पिशवी आणली. वहिनींनी ती उघडून मूठभर दाणे हातावर घेतले, हुंगले आणि पिशवीला पुन्हा नीट गाठ मारली. “चांगलं हाय,” म्हणाल्या. दादांनी ते लावलं, पिकलंही. त्या लहान खाचरात मात्र वहिनींनी ते लावू दिलं नाही. तिथे आता गवत वाढतं.

दादा मात्र बदलत गेले. पूर्वी हा माणूस ढगाकडे बघून छातीठोक सांगायचा. आता कुठलंही काम काढायचं तर आधी शेजाऱ्याला विचारून यायचे. गोठ्याचा पत्रा बदलायचा तरी विचारायचे. वहिनी चारचौघांत म्हणायच्या, ह्यांचं काय ऐकू नका, ह्यांनी बी मारलं. सगळे हसायचे, दादाही हसायचे.

या मेमध्ये मी गेलो तेव्हा सकाळी आम्ही तिघं ओट्यावर बसलो होतो, केबिनची किल्ली माझ्या हातात होती. वहिनी सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. खाली नवा राब भाजलेला होता, इंद्रायणीचा. दादा त्याच्याकडे बघत होते. मग एकदम माझ्याकडे वळले.

“भाऊ, तुमी शिकलेलं हाय, मोबाइलात समदं बघता. येक सांगा मला. धूळपेरणीनं बी मरतंय व्हय? माजा बाप करायचा, आजा करायचा. दोन वर्सं झाली, मला काय केल्या कळंना माजं कुटं चुकलं.”

वहिनी सुपातूनच म्हणाल्या, “आता काय करायचंय इचारून.”

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आता धड आठवत नाही. वाळवंटापासून सुरुवात केली आणि मला स्वतःलाच ते इतकं मूर्खासारखं वाटलं, की मधलं सगळं सोडून दिलं. राखेत गाडी घातली, चार वेळा. दाणे बघितले. फांदीने पुसलं. वारं नव्हतं.

 वहिनींचे हात सुपात होते तिथेच राहिले. मग त्यांनी एकच विचारलं.

“मी उखळात घातलं, तवा तुमाला ठावं व्हतं?”

“हो.”

दादा हळूच म्हणाले, “म्हंजी माजं चुकलं न्हवतं.” ते माझ्यावर चिडतील, हात उगारतील, अशी मी तयारी ठेवली होती. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते वहिनींकडे बघत होते. वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पदराने पुसून त्या म्हणाल्या, “किती बोलले मी तुमाला.”

“जाऊ दे,” दादा म्हणाले. ते उठले आणि गुरं सोडायला गेले. जाताना माझ्या अंगावरून गेले, पण माझ्याकडे बघितलं नाही.

मी आणि वहिनी उरलो. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून थांबवलं.

“येक सांगा,” त्या म्हणाल्या. “भात कसा लागला व्हता?”

मला कळलं नाही.

“मी चाखला न्हाई. दोगांपुरताच झाला व्हता, तुमालाच वाढला. त्याच्या आदी चार वर्सं घरात शिजला नव्हता. आता काय शिजायचा न्हाई. तुमी खाल्लाय, तवा तुमीच सांगा. कसा लागला?”

माझ्याकडे उत्तर होतं. ऑफिसात मी कितीतरी जणांना रंगवून सांगितलेलं होतं: मऊ, किंचित गोड, वास असा की वरण घ्यावंसं वाटू नये. सगळे शब्द मित्राचे होते. ते म्हणून टाकले असते तर त्या बाईला निदान तेवढं मिळालं असतं, आणि आजही मला कळत नाही की तेव्हा खरं बोलून मी चांगलं केलं, की फक्त स्वतःचं ओझं आणखी थोडं उतरवलं.

“आठवत नाही वहिनी,” मी म्हणालो. “चवच कळली नाही मला. घास नुसते खाली ढकलत होतो.”

त्यांनी सुपातला एक खडा वेचला, अंगणात टाकला. मग सूप बाजूला ठेवून उठल्या आणि केबिनची किल्ली माझ्या हातातून काढून घेतली.

“ऊन व्हायच्या आत निगा, सायेब,” त्या म्हणाल्या. “उतारावर गाडी तापती.”